ऐकणाऱ्याचा रकाना

"जिवाला कशी हुरहूर लागलीय गं. तिला सांग, आज जाऊ नको."

आईचा हा आवाज अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. आई अंथरुणाला खिळलेली, धाकटी बहीण दारात चपला घालत होती, आणि मी मधल्या खोलीत.

त्याच वर्षी मी शब्दकोशाच्या कचेरीत लागले. आमच्याकडे प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. पुढे अर्थ, खाली कुणाच्या तरी तोंडून खरंच ऐकलेलं वाक्य. मागे दोन रकाने: बोलणारा, ऐकणारा. ऐकणारा नसेल तर वाक्य धरायचं नाही, हा संपादककाकांचा नियम. 'हुरहूर'चं कार्ड मीच केलं. कारण हाती लागत नाही, तरी मन थाऱ्यावर राहत नाही, अशी अवस्था. खाली आईचं वाक्य. बोलणारा: आई. ऐकणारा: धाकटी.

नव्या आवृत्तीसाठी परवा कार्ड काढलं, तर ऐकणाऱ्याचा रकाना कोरा.

"शाई उडाली असेल," काका म्हणाले.

"बाकीची नाही उडाली."

"शब्दच असला, बाई. गप्प बसतोय होय कार्डावर!"

मी पुन्हा 'धाकटी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा, आणि कार्ड दमट. काल तर लिहिता लिहिताच अक्षरं विरत गेली, कुणी हळूच फुंकर घालावी तशी. बाहेर लख्ख ऊन. माझ्या टेबलाशी फरशीवर मात्र पाण्याचं एवढंसं वर्तुळ, ओली छत्री टेकवून कुणी उभं राहावं तसं.

त्या दिवशीची छत्री माझी होती. धाकटीनं न विचारता घेतली, म्हणून मी फुगून बसले होते. ती बसली ती होडी नदीच्या पलीकडच्या काठाला लागलीच नाही. आईला मी म्हणाले, सांगितलं होतं गं, तिनंच ऐकलं नाही. आई तेच मनाशी धरून गेली.

आज दुपारी काका जेवायला गेले. मी कार्ड उलटलं.

रकान्यात एकच शब्द. तिरकं, घाईचं, धाकटीचं अक्षर. अजून ओलं.

'सांग.'

माझ्या पाठीमागे एक थेंब पडला. मग दुसरा.

मी वळले नाही.

"आई म्हणाली होती, आज जाऊ नको," मी म्हणाले. "मी तुला सांगितलंच नाही गं."