फळीपलीकडचा भीमा

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो. ज्यांच्यासोबत ती घडली ते मेहताबचाचा माझ्या वडिलांचे जुने दोस्त, आणि त्यांनी आयुष्यात कधी बढाई मारलेली मी ऐकली नाही.

श्रीगोंदा तालुका. भीमेच्या बाजूचं एक गाव, नाव सांगत नाही. मे महिना, २०२३. आणि रात्र-बित्र काही नाही... सगळं घडलं ते भर दिवसा, डोळे दिपवणाऱ्या उन्हात.

तिथं काकासाहेब नावाच्या माणसाचा स्टड फार्म होता. लांबलांबून लोक आपल्या घोड्या टेम्पोत घालून आणायचे, बुलंदकडून भरून घ्यायला. बुलंद म्हणजे काकासाहेबांचा पंचकल्याणी घोडा. अंग काळाभोर, चारही पाय आणि कपाळ पांढरं, उंच, फ्लेक्सवर फोटो असलेला. चाचा तिथं घोड्यांची देखभाल करायचे.

पण बुलंदच्या आधी तिथं आणखी एक घोडा लागायचा. त्याचा फोटो कुठंच नव्हता.

त्याचं नाव भीमा. गावरान, बुटका, तपकिरी. त्याचं काम टीझरचं.

टीझर म्हणजे काय, ते सांगतो. अंगणात कमरेच्या वर उंचीची एक लाकडी फळी पुरलेली असते, गोणपाट ठोकलेली. अलीकडे घोडी, पलीकडे टीझर. घोडी माजावर आहे की नाही, हे त्याच्या वासाला, आवाजाला ती कशी वागते त्यावरून कळतं. तिला नको असेल तर ती लाथा झाडते. त्या लाथा टीझरनं खायच्या, कारण महागड्या घोड्याला लागायला नको. आणि घोडी शांत उभी राहिली, शेपटी वर उचलली, की टीझरला दोराने ओढून बाजूला न्यायचं. मग बुलंद यायचा, सजूनधजून.

भीमानं नऊ वर्षं हे काम केलं. नऊ वर्षांत त्याला एकदाही फळी ओलांडू दिली नाही.

सात मे, रविवार. चाचा भाचीच्या लग्नाला खर्ड्याला गेले होते. त्या दिवशी भीमानं पहिल्यांदा फळीवरून उडी मारली. घोडीपर्यंत पोचला नाही, मधेच धरला. काकासाहेबांना इतका राग आला की त्यांनी त्याचे पुढचे-मागचे पाय खुंट्यांना ताणून बांधायला लावले. उन्हात. दिवसभर. पाणी द्यायचं नाही, अशी ताकीद.

सोमवारी चाचा परतले, तेव्हा खुंट्या तेवढ्या उरल्या होत्या.

काकासाहेब म्हणाले, पोटात कळ येऊन गेला. खरं काय ते हनुमंत नावाच्या गड्यानं नंतर सांगितलं, मान खाली घालून. चाचा त्याला एवढंच म्हणाले, की एक बादली पाणी न्यायला तुझे हात मोडले होते का? हनुमंत रडला. चाचांना त्याची दया आली नाही. मला आजही येत नाही.

तिसऱ्या दिवशी एक घोडी आली. टीझर नव्हता, तरी सवयीनं चाचांनी तिला फळीजवळ धरलं.

घोडीनं कान टवकारले.

फळीपलीकडून... फुरफुरल्याचा आवाज आला.

मग फळीवर टाप आपटली. गोणपाटातली धूळ उडाली.

चाचा पलीकडे धावले. तिथं काही नव्हतं. मातीत एक टापसुद्धा उमटलेली नव्हती. आणि अलीकडे घोडी शांत उभी होती, शेपटी वर करून.

काकासाहेब ओट्यावरून हे सगळं बघत होते. माणूस असता तर घाबरला असता. हात जोडले असते. हे साहेब हसले आणि म्हणाले, बरं झालं, आता नवा टीझर बघायला नको.

म्हणजे मेल्यावरही त्याला कामाला जुंपलं. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

दोन आठवडे हेच चाललं. घोडी यायची, फळी थरथरायची, घोडी तयार व्हायची. चाचांना वाटायचं, आजच नोकरी सोडावी. पण आपण गेलो तर त्याच्याजवळ कोण राहील, म्हणून पाय निघेना. जिवंत असताना ऐन वेळी आपण जवळ नव्हतो, हे त्यांच्या मनातून जातच नव्हतं.

आणि एक गोष्ट त्यांना अजिबात सहन होईना.

घोडी तयार झाली, बुलंदला बाहेर काढलं, की पलीकडे... दोर ताणल्याचा आवाज यायचा.

मग मातीतून खुर फरफटल्याचा.

तो आवाज फळीपासून लांब लांब जायचा. कुणी ओढत नव्हतं. तरी त्याला ओढून नेलं जात होतं. रोज.

चाचांनी काकासाहेबांना सांगून पाहिलं. ती फळी काढा, त्याला मोकळा करा. नंतर काय ते आपण बघू.

"मेलेला घोडा वैरण मागत न्हाई मेहताब," काकासाहेब म्हणाले. "तुला काय तरास हाय?"

चोवीस मेला पारनेरकडच्या रंगुबाई त्यांची चांदणी घेऊन आल्या. वरातीला घोडी द्यायचा त्यांचा धंदा. या कामाच्या वेळी बायकांनी थांबायचं नाही अशी तिथली रीत, म्हणून त्या फाटकाबाहेर टेम्पोच्या सावलीत बसल्या.

सकाळचे साडेअकरा. चांदणी फळीजवळ उभी राहिली. पलीकडून फुरफुर सुरू झाली. काकासाहेबांनी बुलंदला आणायला सांगितलं.

चाचांनी चांदणीचा दोर हनुमंतच्या हातात दिला आणि गेले. पण बुलंदकडे गेले नाहीत. ते पहार घेऊन आले.

काकासाहेब ओरडत राहिले. चाचांनी ऐकलं नाही. आठ-दहा घावांत फळी मुळापासून उखडली आणि मातीत आडवी पडली.

सगळं शांत झालं. फुरफुर नाही. दोर नाही. झाडावरचे कावळेसुद्धा गप्प.

मग...

पडलेली फळी करकरली. तिच्यावर कुणीतरी पाय दिला होता.

एक पाऊल. दुसरं. सावकाश.

हनुमंत दोर टाकून पळाला. चांदणी हलली नाही. तिनं मागचे पाय रोवले, आणि तिची पाठ वजनानं खाली दबली.

तिच्यावर काहीच नव्हतं. नुसतं ऊन.

चाचांनी पाठ फिरवली. नऊ वर्षं सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं होतं, निदान आता तरी कुणी बघू नये, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर चांदणीनं बुलंदला जवळ येऊ दिलं नाही. दोनदा लाथ झाडली. तरी काकासाहेबांनी रंगुबाईंना फाटकाशी जाऊन सांगितलं, काम झालं, न्या घोडी. चाचा त्याच दुपारी नोकरी सोडून घरी आले.

त्यांना वाटलं, भीमा सुटला.

पुढच्या एप्रिलमध्ये रंगुबाईंचा फोन आला. त्या संतापल्या होत्या. चांदणी व्याली होती, आणि शिंगरू होतं बुटकं, तपकिरी, आखूड पायांचं. "कोनता घोडा लावला तुमी माझ्या घोडीला?" त्यांनी विचारलं. फोन ठेवून चाचा तसेच पारनेरला निघाले.

काकासाहेब तिथं आधीच येऊन बसले होते. बोभाटा नको म्हणून. शिंगराकडे बघून ते हसले.

"असू दे. मी नेतो ह्याला," ते म्हणाले. "टीझरच्या कामाला लई बेस हुईल."

चाचा सांगतात, त्या क्षणी हातात पहार असती तर आज ते तुरुंगात असते. ते मधे जाऊन उभे राहिले. ह्याला हात लावला तर हात ठेवणार नाही, असं रंगुबाईंच्या देखत बोलले. काकासाहेबांनी त्यांना बाजूला ढकललं, दोर घेतला आणि शिंगराजवळ वाकले.

तिथंच थांबले.

काहीतरी ऐकू आल्यासारखं त्यांनी एकदम मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

पुन्हा वळून पाहिलं...

दोर हातातून गळला. ते मागच्या पावली गाडीपर्यंत गेले आणि एक शब्द न बोलता निघून गेले. त्यांनी काय ऐकलं, ते कुणालाच कळलं नाही. फार्म त्याच वर्षी बंद झाला.

रंगुबाईंनी हे बघितलं आणि शिंगरू दूध तुटल्यावर चाचांना देऊन टाकलं. माझ्या दारात हे नको, म्हणाल्या.

मागच्या महिन्यात मी चाचांकडे गेलो होतो. शिंगराचा आता घोडा झालाय. अंगणात मोकळा फिरतो. दोर नाही, खुंटी नाही. मी विचारलं, चाचा, तुम्हाला भीती नाही वाटत?

"भ्या कसलं? राग येतो," चाचा म्हणाले. "मला वाटलं, मी सोडवला ह्याला. सुटून गेला कुटं? परत घोडाच झाला. परत मानसांतच आला."

त्यांनी चरणाऱ्या घोड्याकडे बोट दाखवलं.

"घोडं पंचवीस वर्सं जगतं. मी एकसष्टचा हाय. माझ्या मागं ह्याला कोन बांदंल, ते सांग मला."

घोडा चरायचं थांबून चाचांकडे बघत उभा होता.