पाचवी नोटीस

शिवतेज, ती टायरं बाजूला ठेव आणि शेकोटीजवळ ये. तुम्ही बाकीचेही सरका जरा. ट्रॅक्टर अडवायला अख्खी रात्र पडली आहे, कारखाना काही कुठे पळून जात नाही. आज तुझ्या नावाची नोटीस आली आणि तू ती लग्नपत्रिकेसारखी गावभर मिरवलीस, म्हणून सांगतो. हसू नकोस. सांगतोय ते घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो दादासो माझ्या पंगतीला बसून जेवलेला माणूस.

रहिमतपूरच्या अलीकडं कालव्याच्या काठाला एक वाडी आहे. तिचं नाव घेत नाही, ठाण्याचंही घेत नाही. दादासो तिथला पोलीस पाटील. गावात डोकी फुटली की ठाण्याला कळवायचं, ठाण्यातनं साहेब आला की त्याला चहा पाजायचा, आणि दोन्हीकडची बोलणी खायची, हे त्याचं काम. स्वभावानं लोण्याचा गोळा. कुणाला तोंडावर नाही म्हणणं त्याला आयुष्यात जमलं नाही.

दोन हजार बावीस सालची दिवाळी सरली आणि उसाच्या दराचं आंदोलन पेटलं. रस्त्यावर टायर जळत होते, ट्रॉल्यांची हवा सुटत होती. फौजदारानं सगळ्या पोलीस पाटलांना बोलावून घेतलं. प्रत्येक गावातली पाच चळवळी पोरं, नावानिशी, ताकिदीच्या नोटिशीसाठी लिहून पाहिजेत म्हणाला. दादासोच्या वाडीत अशी पोरं ओढूनताणून चार. त्यानं चार लिहिली.

"साहेब, आमच्यात चारच हायती."

"पाटील, पाच म्हणजे पाच. का तुमचं घालू पाचवं?"

दादासो कागदाकडं बघत बसला. मग त्याला मानसिंग आठवला. बनुबाईचा एकुलता एक. तो तासगावला बेदाण्याच्या शेडवर ट्रॅक्टर चालवायचा, दोन दोन महिने गावाकडं फिरकायचा नाही. आंदोलनाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दादासोनं विचार केला, नोटीस निघंल, माणूस काही सापडायचा नाही, आपण 'मिळून आला नाही' असा शेरा मारून कागद परत धाडू. साहेबाचा आकडा भरंल आणि कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. त्यानं पाचवं नाव लिहिलं. मी त्याच्या जागी असतो तर दुसरं काही केलं असतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पाच नोटिसा आल्या त्या मंगळवारी, बावीस नोव्हेंबरला. दुसऱ्या दिवशी अमावस्या. दादासो संध्याकाळी सातला मोटरसायकल घेऊन त्या बजावायला निघाला. नोटिशीच्या दोन प्रती असतात. एक माणसाच्या हातात द्यायची आणि दुसरीवर त्याची सही घेऊन ती ठाण्यात जमा करायची. चौघं पोरं ठाण्याच्या भीतीनं घरं सोडून लांबच्या मळ्यांत पांगली होती. एकाला शोधा, दुसऱ्याची समजूत काढा, तिसऱ्याच्या घरचा चहा घ्या, असं करत चौथी सही मिळाली तेव्हा साडेअकरा झाले होते. त्या बाजूला मोबाईलला रेंज नाही. चार तासांत जगात काय झालं याचा दादासोला पत्ता नव्हता. पाचवी नोटीस पिशवीतच होती. तिच्यावर घरी जाऊन शेरा मारायचा आणि झोपायचं, एवढंच डोक्यात होतं.

परतीची वाट कालव्याच्या कडेनं. कालव्याला पाणी सुटलेलं, काठोकाठ. दोन्ही अंगाला ऊस. थंडी चांगलीच पडली होती, दादासोनं मफलर कानावर घट्ट ओढला आणि तो गाडी हळू हाकत कालव्यावरच्या मोरीच्या पुलापाशी आला.

मोरीच्या कठड्याला टेकून कुणीतरी उभं होतं.

दिव्याचा उजेड अंगावर पडला तरी तो हलला नाही. दादासोनं गाडी थांबवली.

"मानसिंग? आरं, तू तासगावला न्हाईस व्हय?"

"आलो सांजच्या यष्टीनं. आईला परवा साताऱ्याला न्यायचीया. डोळ्याच्या आपरेशनला."

आवाज नेहमीचाच होता. पण अंगावरचे कपडे ओले होते. केसांतून पाणी गळत होतं.

"भिजलास कशानं रं एवढ्या थंडीत?"

मानसिंगनं हात पुढं केला.

"दादा... माजी नोटीस?"

दादासोला वाटलं, ह्याला कसं कळलं? मग त्यानंच स्वतःची समजूत घातली, चौघांना मिळाली, बातमी फुटली असंल. त्यानं पिशवीतून दोन्ही प्रती काढल्या. मोबाईलचा उजेड धरला. वेळ दिसली, अकरा चाळीस.

"भ्यायाचं काय काम न्हाई गड्या. नुसता कागद हाय ह्यो. सही कर आन घरी जाऊन झोप."

मानसिंगनं गाडीच्या सीटवर कागद ठेवून सही केली. सावकाश. आपली नोटीस घेतली. तिची चार पदरी घडी केली. शर्टाच्या खिशात घातली. खिशाचं बटण लावलं.

गेला मात्र नाही.

"दादा."

"आं?"

"नाव कुणी दिलं?"

खाली पाण्याचा आवाज...

सांगायला पाहिजे होतं. मी दिलं, चुकलं माझं, उद्या खोडून आणतो. शब्द जिभेवर आले होते, हे दादासोनं मला नंतर शपथेवर सांगितलं. पण त्याला नाही म्हणणं जसं जमत नव्हतं, तसं हेही जमलं नाही.

"वरनं आलं रं... यादी वरनंच येती."

मानसिंग बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं दादासो म्हणायचा.

"आईला सांगा... मी हितंच हाय."

"हितं कशाला? बस की मागं. सोडतो घरी..."

दादासोनं गाडी वळवायला मान फिरवली. परत बघितलं.

कठडा मोकळा.

उसाचं पान वाजलं नव्हतं. पावलं वाजली नव्हती. दादासोनं एकदाच हाक मारली. त्यानं गाडीला किक मारली आणि मागं न बघता वाडी गाठली.

वाडी जागी होती. बनुबाईच्या दारात माणसांची ही गर्दी. शेजारची सुलाबाई पुढं आली आणि रडत रडतच सांगू लागली. आठ वाजता हमरस्त्यावर कुणीतरी ट्रॅक्टर पेटवला होता. साडेआठला पोलिसांची जीप यादी घेऊन वाडीत शिरली. चौघं मळ्यात. घरात सापडण्यासारखा होता तो पाचवा एकटाच. मानसिंग नुकता ताटावर बसला होता. बाहेर त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि तो ज्वारीची भाकरी हातात तशीच घेऊन मागल्या दारानं उसात पळाला. मागून बॅटऱ्या घेऊन शिपाई. मग कालव्याकडनं धपकन आवाज आला, तो सगळ्या आळीनं ऐकला. जीप थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. तेव्हापासून माणसं काठ धुंडाळत होती.

आणि पोरांनो, दादासो हसला. जीव भांड्यात पडल्यावर माणूस हसतो तसा हसला.

"आवं बनुकाकी, रडताय कशापायी? जिता हाय तुमचा ल्योक! आत्ता मोरीवर गावला मला, आकरा चाळीसला. मी हितंच हाय म्हून आईला सांगा, म्हनला. ही बघा सही त्याची!"

म्हातारीला दिसत नव्हतं. तिनं कागदावर हात फिरवला.

"सुले, त्याचीच हाय न्हवं?"

"त्याचीच हाय, काकी."

बनुबाईनं तो कागद कपाळाला लावला. दादासोच्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली.

"द्येवासारका आलास रं बाबा."

चाळीस-पन्नास माणसं बॅटऱ्या घेऊन मोरीकडं पळाली. म्हातारीलाही दोघींनी धरून आणलं. मोरीवर कुणी नव्हतं. हाका मारल्या. पुन्हा मारल्या. मग एकानं खाली उजेड पाडला, मोरीच्या तोंडाला कचरा अडवायची लोखंडी जाळी असते तिथं.

मानसिंग तिथंच होता.

बाहेर काढला तेव्हा हातपाय लाकडासारखे ताठ झालेले. हे अंग घटकाभरापूर्वीचं नव्हतं, हे कुणीही सांगितलं असतं.

पहाटे फौजदार आला. बनुबाई साडेआठचं सांगत होती, आळी सांगत होती. फौजदारानं सगळं ऐकलं आणि दादासोकडं वळला. रात्री काय म्हणालात पाटील, ते परत सांगा. पन्नास माणसांनी ऐकलं होतं. सहीचा कागद पिशवीत होता. दादासो काय सांगणार?

"अकरा चाळीसला सही केली म्हणजे तेव्हा जिवंत होता," फौजदार म्हणाला. "मग आमच्या जीपचा संबंध येतो कुठं? म्हातारीला दिसत नाही, आवाज कशाचा तरी आला असेल."

"साहेब, मला गावला त्यो..."

"तो काय?"

मेलेल्या माणसानं सही केली म्हणावं तर वेडा ठरतो. भेटलाच नाही म्हणावं तर खोटी सही केली म्हणून आत जातो. आणि भेटला, सही केली, एवढंच सांगावं तर म्हातारी खोटी पडते. त्यानं तेवढंच सांगून जबाबावर सही केली. बनुबाई लेकाच्या उशाशी बसून सगळं ऐकत होती. तिनं फौजदाराला एक शब्द विचारला नाही.

"दादासो," ती म्हणाली, "त्याचं नाव कुणी दिलं रं?"

दुसऱ्यांदा तोच सवाल. दुसऱ्यांदाही दादासोच्या तोंडून खरं निघालं नाही.

पुढं त्यानं पाटीलकी सोडली. बनुबाईनं डोळ्याचं ऑपरेशन केलंच नाही. आता काय बघायचं राहिलंय, म्हणाली. पण एक गोष्ट अजून राहिली आहे, आणि ती दादासोची नाही, माझी आहे.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. गावातलं कुणी पुढं येईना. मी पहाटे बातमी ऐकून तिथं पोचलो होतो, फौजेतनं रिटायर झालेला, म्हणून फौजदारानं मला धरलं. "सुभेदार, खिसे तपासा."

शर्ट अंगाला चिकटला होता. कापड फुगून काज इतकं आवळलं होतं की खिशाचं बटण निघता निघेना. शेवटी निघालं. आत चार पदरी घडी. मी ती उलगडली.

नोटीस होती. कोरडी.

"साहेब... कागद कोरडा हाय."

फौजदारानं तो हातात घेतला. बोटांनी चोळून बघितला. कालव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता, हे मी शपथेवर सांगेन. मग लिहिणाऱ्या शिपायाला म्हणाला, "लिही. शर्टाच्या खिशात एक नोटीस, भिजलेल्या स्थितीत."

कागद कोरडा लिहिला असता तर सही करून मग बुडाला, हे कुठंच टिकलं नसतं. शिपायानं लिहिलं आणि पॅड माझ्यापुढं धरलं.

अठरा वर्षं सीमेवर काढलेला माणूस मी, शिवतेज... मी सही केली.

नोटीस पाकिटात घालायला मी परत चार पदरी मुडपली. माझ्या हातावर मानसिंगच्या शर्टाचं पाणी होतं. आणि हातातला तो कागद पापडासारखा कडकड वाजत होता.