काढून ठेवलेला भोंगा

बस खाली. आणि तो फोन पालथा ठेव, डोळ्यांत उजेड येतो. तूही ये गं पुढे, दारात काय उभी राहिलीस?

मघाशी जेवताना काय म्हणालास रे तू? "काका, आमच्या सर्व्हर रूमला आग लागली तरी पाण्याचा थेंब वापरत नाहीत. गॅस सुटतो, आग विझते, मशीनला ओरखडासुद्धा येत नाही." सोमवारी कामावर रुजू होणार, अजून ओळखपत्रावर फोटो चिकटायचाय, आणि म्हणे आमची सर्व्हर रूम! असू दे. पण हे ओरखड्याचं वाक्य मी आधी ऐकलंय. माझ्या साडूच्या तोंडून. मान ताठ, गळ्यात टाय, आणि तोंडात हे वाक्य. घरी जेवायला बसतानाही टाय न काढणारा तो एकच माणूस मी पाहिला.

भुताची गोष्ट मागत होतात ना? मग हीच ऐका. उलटे पाय, पांढरे कपडे, असली पोरकट भुतं माझ्याकडे नाहीत.

साडूच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर मशीनची खोली होती. सगळ्या कंपनीचा हिशेब, पत्रव्यवहार, सगळं त्या कपाटांच्या पोटात. जमीन दुहेरी. खाली खरी जमीन, तिच्यावर हातभर-दीडहात पोकळी, आणि वर मोठ्या चौकोनी फरश्या नुसत्या टेकवलेल्या. वायरी सगळ्या त्या पोकळीतून जातात. फरशी उचलायला एक हँडल असतं, त्याला खाली दोन रबरी वाट्या. वाट्या फरशीवर दाबायच्या, चप्प करून चिकटतात, मग फरशी वर येते. आणि कोपऱ्यात गॅसचे सिलिंडर.

गॅस काय करतो? हवा रेटून बाजूला सारतो. हवा नाही, तर आग नाही. माणूससुद्धा त्याच हवेवर जगतो, एवढं त्या सिलिंडरला कळत नाही. म्हणून आधी लाल दिवा लुकलुकतो, भोंगा बोंबलतो, आतल्याला बाहेर पडायला अर्धं मिनिट मिळतं, आणि मग गॅस सुटतो. हे अर्धं मिनिट म्हणजे त्या खोलीत माणसाची सगळी किंमत. ती किंमतसुद्धा माझ्या साडूला जास्त वाटली.

झालं असं की एकदा वरचे साहेब पाहणीला आले. कुणीतरी जुना खोका झटकला, धूळ उडाली, सेन्सरला वाटलं धूर. भोंगा वाजला. साहेब दचकले आणि हातातला चहा शर्टावर सांडला. झालं! जगबुडीच आली जणू. गॅस वेळेवर थांबवला, पण साहेबांचा शर्ट कोण थांबवणार? दुसऱ्या दिवशी माझ्या दीडशहाण्या साडूनं भोंगा भिंतीवरून उतरवला आणि टेबलाच्या खणात टाकला. भोंगा काढला म्हणून पॅनलवर पिवळा दिवा लागला, तर त्याच्यावर कंपनीचं स्टिकर चिकटवलं. गॅस मात्र तसाच चालू. का? मशीन महाग आहेत ना!

आता वर बघा. हा दिवा दिसतो? याची वायर ज्यानं ओढली, त्याला सगळे उंदीरमामा म्हणायचे. वायरमन होता. अंगानं काटकुळा, कुठल्याही फटीत शिरायचा आणि आतून गाणी म्हणायचा. त्याचं फरशीचं हँडल स्वतःचं होतं, मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली, कारण घामानं हात सटकायचा. ते हँडल तो कुणाला हात लावू द्यायचा नाही.

साडूनं त्याला रात्रीचं काम दिलं, नुसतं तोंडी, कागद नाही. ऑफिस बंद असताना नव्या वायरी टाकायच्या. एकटा गेला, फरशी काढून पोकळीत शिरला, आतल्या भिंतीला ड्रिलनं भोक पाडलं. सिमेंटची धूळ उडाली...

कळलं ना पुढचं?

दिवा लुकलुकला असेल. पण दिवा वर, आणि हा जमिनीखाली, पालथा पडलेला. त्याला ऐकू येईल अशी एकच गोष्ट होती, आणि ती साडूच्या खणात, स्टेपलरशेजारी पडली होती. शिवाय तो गॅस हवेपेक्षा जड. आधी खालीच बसतो.

सकाळी उंदीरमामा खाली आला नाही म्हणून रात्रपाळीच्या वॉचमननं साडूला फोन केला. साडू पहिला आत गेला. दाराजवळची एक फरशी बोटभर वर आलेली होती. खालून कुणीतरी ढकलल्यासारखी. दारापर्यंत पोचला होता बिचारा. साडूनं काय केलं माहितीय? बुटानं ती फरशी दाबून बसवली! आधी फरशी बसवली, मग बाकीचं आवरलं. ड्रिल कपाटात, धूळ पुसली, भोकासमोर एक रॅक सरकवला. आणि ते निळ्या मुठीचं हँडल तळघरातल्या पाण्याच्या टाकीत टाकून दिलं, कारण ती टाकी कुणी कधी साफ करत नाही. मग आरडाओरडा. म्हणे हा इसम गारव्याला झोपायला फरशीखाली घुसला होता. हातात ना हत्यार, ना काम. भोंगा वाजला, पण याला जाग आली नाही. आणि मशीनला? ओरखडासुद्धा नाही. मयताच्या घरी येऊन हे वाक्य बोलला तो, माझ्यासमोर. लाज नावाची वस्तू त्याच्या घराण्यात कुणी विकत घेतली नसावी.

वॉचमन बिचारा कबूल झाला. म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही साहेब, पण माझाच डोळा लागला असेल." स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवायला शिकवलं त्याला, बघा.

उंदीरमामाची मुलगी शाळेत जायची थांबली. पोरं म्हणायची, तुझा बाबा ड्यूटीवर झोपला आणि मेला. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मला विचारायच्या, "भाऊजी, हे कामावर झोपणारे होते का हो?" मी काय सांगणार? मी पाहिलं होतं त्याला काम करताना. पण माझं ऐकतो कोण? कंपनीनं चौकशी लावली होती, आणि चौकशीचे साहेब जे लिहितील तेच खरं ठरणार होतं. ते येऊन खोली बघणार, असं ठरलं.

त्याच्या आदल्या रात्रीची ही गोष्ट. गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार, रात्री सव्वाअकरा. साडू पिशवी घेऊन ऑफिसात आला. पिशवीत भोंगा, स्क्रू ड्रायव्हर आणि चिकटपट्टी. सकाळी साहेबांना भिंतीवर भोंगा दिसला पाहिजे, एवढंच काम. हे सगळं मला त्यानंच सांगितलं, नंतर, तुकड्या-तुकड्यांनी. पूर्वी बोलायला लागला की थांबायचा नाही. आता दोन शब्द बोलून दम लागतो त्याला.

वॉचमनला म्हणाला, "थोडं काम आहे, तू बस खाली." वर गेला. कार्ड लावलं, दार आत ढकललं. हो, आत उघडणारं दार. अशा खोलीचं दार बाहेर उघडावं लागतं, पण बाहेर दार उघडलं की साहेबांच्या केबिनकडे जाणारी वाट अडते! दार मागे आपोआप बंद झालं. मशीनची घरघर चालू. स्टुलावर चढला. भोंगा भिंतीवर लावला, स्क्रू पिळले. एक वायर जोडली. दुसरी हातात घेतली.

टक्.

खालून.

गारव्यानं लोखंड आवळलं असेल, असं म्हणाला मनाशी. शिकलेला माणूस ना.

टक्... टक्.

आता रॅकच्या पलीकडून. मग रॅकच्या अलीकडून. कुणीतरी पालथं पडून, कोपरांवर सरकत यावं तसं. थांबत होतं... पुन्हा सरकत होतं.

स्टुलाखालून गेलं ते.

साडू हलला नाही. वायर हातात तशीच. आवाज दाराकडे गेला, दारापाशी थांबला. आणि मग...

चप्प.

रबरी वाट्या चिकटल्याचा आवाज. तो आवाज त्याला चांगला ठाऊक होता. पण वाट्या चिकटतात वरून. हा आवाज फरशीच्या खालून आला.

"कोण आहे?" म्हणाला.

लाल दिवा लुकलुकायला लागला.

मग मात्र महाशयांची पाचावर धारण बसली. उडी मारली, दाराकडे धावला. गॅस थांबवायचं बटण दाबलं. दिवा लुकलुकतोच आहे. दाराची मूठ धरली, ओढली. दार बोटभर आलं... आणि अडकलं.

खाली बघितलं.

दारापुढची फरशी वर आली होती. बोटभर.

त्यानं बूट ठेवला. दाबला. एका पायानं, मग दोन्ही पायांनी. उभा राहिला तिच्यावर, सगळं अंग घालून. त्या सकाळी एका पायानं बसली होती ती.

बसेना.

ओरडला. घरघरीत त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. वॉचमन तीन मजले खाली. दिवा लुकलुकतोय. कोपऱ्यात सिलिंडर... अर्धं मिनिट म्हणजे किती असतं, हे त्या रात्री कळलं त्याला. छातीत हवा शिरेना. गॅस सुटलाच नव्हता अजून, तरी शिरेना.

वॉचमनला हाक मारू शकेल अशी त्या खोलीत एकच वस्तू होती.

वळला. स्टुलावर चढला. वायर भोकात जाईना. सुटली... पुन्हा धरली... सुटली... टाय मध्ये येत होता, दातांत धरला... गेली आत. पिळला स्क्रू.

भोंगा बोंबलला.

सगळी इमारत हादरली म्हणे. समोरच्या रस्त्यावरची कुत्री उठली. वॉचमन एका दमात जिने चढून आला, दार ढकललं, आणि ते लोण्यात सुरी जावी तसं उघडलं. फरशी सपाट. लाल दिवा बंद. सिलिंडरचे काटे भरलेलेच, गॅसचा एक श्वाससुद्धा सुटला नव्हता. स्टुलाखाली साडू बसला होता, दातांत टाय.

वॉचमननं त्याला उचललं नाही. तो भिंतीवरच्या भोंग्याकडे बघत राहिला. भोंगा आपोआप थांबला, तरी बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, हा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

साडूनं दातांतला टाय सोडला.

"त्या रात्री हा वाजला असता, तर मेलेला माणूससुद्धा उठून बसला असता. मी झोपलो नव्हतो साहेब. तो पण झोपला नव्हता."

सकाळी चौकशीच्या साहेबांसमोर वॉचमननं हेच सांगितलं, आणि भोंगा वाजवून दाखवा म्हणून हटून बसला. वाजवला. साहेबांनी कानांवर हात ठेवले, आणि पॅनलवरचं स्टिकर स्वतः नखानं खरवडून काढलं. उंदीरमामाच्या नावापुढचा "झोपेत" हा शब्द गेला. मुलगी शाळेत जायला लागली. साडूची नोकरी गेली. माझी मेहुणी म्हणते, ते रात्री दिवा लावून झोपतात, आणि खोलीचं दार काढून ठेवलंय. दार काढून ठेवलंय! माणसांची दारं अडवणाऱ्याला आता दार सोसवत नाही. मला दया यायला हवी होती. नाही आली.

काय गं, काय विचारतेस? फरशीचं?

हो, तेवढं राहिलं.

साहेब म्हणाले, मयत जिथं सापडला ती जागा दाखवा. दाराजवळची फरशी. ऑफिसचं हँडल आणलं, वरून चिकटवलं, उचललं. फरशी जड लागली. नेहमीपेक्षा जड. उलटी केली.

खालच्या बाजूला दुसरं हँडल चिकटलेलं होतं. मुठीला निळी चिकटपट्टी. ओढून निघेना, दोघांनी मिळून काढलं.

साडू तळघराच्या जिन्याकडे बघायला लागला.

त्या खोलीत पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून तर तो सगळा खटाटोप होता ना रे? गॅस, सिलिंडर, सेन्सर...

हँडलमधून पाणी टपकत होतं.