निगेटिव्ह नसलेला फोटो

"हलवू नका!"

मी इतक्या जोरात ओरडले की शेंगा मापणाऱ्या बाईचा हातही थांबला.

कार्तिकातला शेवटचा सोमवार. बेंगळूरच्या बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरली होती. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग, मध्ये माणसांचा लोंढा, आणि वरून पाऊस म्हणावा की दव, असं काहीतरी भुरभुरत होतं. माझ्यासमोर एक उंच तरुण उभा होता. एका हातात जुना, जाडजूड कॅमेरा आणि दुसऱ्या हातात त्यातून नुकताच बाहेर आलेला चौकोनी फोटो. तो फोटो तो हातपंख्यासारखा हलवत होता आणि त्याला चक्क मराठीत विनवत होता, "ये ना बाप्पा, ये लवकर..."

"काहून?" तो माझ्याकडे वळला. "वाळायला नको?"

"तो ओला नसतोच. आत दोन थरांच्या मध्ये रसायन पसरत असतं. वाकला की थर सुटतात. सपाट धरा. आणि उबेत ठेवा, नाहीतर थंडीनं रंग निळे पडतील."

"उबेत म्हणजे? त्या शेंगांच्या भट्टीवर धरू?"

"स्वेटरच्या आत."

त्याने मुकाट्याने फोटो स्वेटरच्या आत सरकवला आणि वर हात ठेवला. छातीत दुखत असल्यासारखा.

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"सरी," तो म्हणाला. 'बरं' या अर्थाचा हा एवढा एकच कन्नड शब्द त्याला नीट येत होता, हे मला पुढे कळलं.

आम्ही उभे राहिलो. माणसं आम्हाला धक्के देत जात होती. मी सांगितल्यावर त्याने फोटो बाहेर काढला. शेंगांचा ढीग, तराजू, आणि कोपऱ्यात माझा अर्धा गाल आणि वेणी.

"तुम्ही माझ्या फोटोत घुसलात," तो म्हणाला.

"मी आधीपासून इथेच उभी आहे. घुसलात तुम्ही."

तो हसला. नागपूरचा होता, नाव शुभंकर. सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी, राजाजीनगरात भाड्याची खोली. कॅमेरा मामाचा, पंचवीस वर्षांपूर्वी परदेशातून आणलेला. फिल्म इथे मिळत नसे. ऑफिसातलं कुणी अमेरिकेला गेलं की येताना आणायचं.

"आणि तुम्ही?"

"अनुसूया. कॉलेजात रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल घेते."

"अनुसूया! अहो, माझ्या आजीच्या मैत्रिणीचं नाव आहे हे. घरी अनू म्हणतात ना?"

"घरीही अनुसूयाच म्हणतात. आम्ही शब्द तोडत नाही."

*

पंधरवड्याने तो आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. हातात चार-पाच फोटो. प्रत्येकावर तेच पांढरे ठिपके.

"डॉक्टरीण बाई, पेशंट आणलाय."

मी फोटो एकाखाली एक मांडले. ठिपके सगळ्यांवर सारख्याच अंतराने उमटले होते.

"सारख्या अंतरावर आहेत, म्हणजे घाण फिरणाऱ्या भागावर आहे. आत दोन रूळ असतील. फोटो त्यांच्यामधून दाबून बाहेर येतो. त्यांच्यावर रसायन सुकलंय."

"तुम्ही कॅमेरा उघडलासुद्धा नाही अजून!"

"उघडायची गरज नव्हती."

कापसाचा बोळा ओला करून मी रूळ पुसले. तो टेबलावर कोपरं टेकून बघत होता. रुळांकडे नाही. मला ते कळत होतं. म्हणून मी आधीच स्वच्छ झालेला रूळ पुन्हा पुसला... आणि पुन्हा.

त्यानंतर रूळ दर आठवड्याला खराब होऊ लागले. शेवटी तो आमच्या घरीच यायला लागला. आईला तो आवडला, कारण तो दुसऱ्यांदा कॉफी मागायचा. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ सुमंत, त्याला 'कॅमेऱ्यावाला' म्हणायचा आणि त्याच्या 'काहून'ची नक्कल करायचा.

"तुमचं मराठी कुठलं हो?" शुभंकरने एकदा अप्पांना, माझ्या वडिलांना, विचारलं.

"इथलंच," अप्पा म्हणाले. "शहाजीराजांच्या वेळी आलो. अजून परत जायचं ठरलं नाही."

तो जायला निघाला की मी फाटकापर्यंत सोडायला जायची. फाटकाची कडी लागायला वेळ लागायचा. तो म्हणायचा, "कडीला तेल हवं." मी म्हणायची, "हवं." तेल घरात होतं.

त्याने मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. मला वाटायचं, फोटो आपोआप उमटतो तसं हेही उमटेल... फक्त घाई करायची नाही.

*

जानेवारीत धारवाडचं स्थळ आलं. मुलगा जयतीर्थ, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा. आमच्यातलाच, आमच्याच मठाचा. त्याची मावशी बेंगळूरला आली होती आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघणार होती. तिच्या हाती मुलीचा फोटो द्यायचा होता. माझा एकुलता एक स्टुडिओतला फोटो आईला आवडत नसे. "परीक्षेला बसल्यासारखी दिसतेस," असं तिचं म्हणणं. नवा फोटो धुऊन मिळायला तीन-चार दिवस लागणार.

"मग तो कॅमेऱ्यावाला कशाला आहे?" अण्णा म्हणाला आणि त्याने सरळ फोन लावला.

शुभंकर तासाभरात आला. मी मोरपंखी साडी नेसून परसात नारळाच्या झाडापाशी उभी होते. त्याला फोनवर फक्त 'फोटो हवाय' एवढंच सांगितलं होतं. कशासाठी, ते अण्णाने मोठ्या उत्साहात दारातच सांगितलं. मला इथून दिसलं. त्याने चपला काढल्या होत्या, त्या उगाच पुन्हा घातल्या आणि पुन्हा काढल्या.

तो परसात आला. आकाशाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

"फिल्ममध्ये एकच फोटो उरलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "नको असेल तर आत्ता सांगा. कॅमेरा बिघडला म्हणून सांगतो."

दारात अण्णा उभा होता. आई पदर सारखा करायच्या खुणा करत होती. आणि मला वाटलं, हा माझ्यावर का टाकतोय? 'मला नको आहे' असं याने स्वतःसाठी म्हणावं ना. एकदा. मग मी सगळ्यांसमोर म्हणेन.

मी वाट पाहिली. त्याने कॅमेऱ्याची बाजूची कळ उगाच दाबून पाहिली.

"काढा," मी म्हणाले.

"थोडं हसा."

"हसू आल्याशिवाय मला हसता येत नाही."

"काहून हो अनुसूयाबाई?" तो अगदी अण्णाने केलेल्या नकलेच्या सुरात म्हणाला... आणि मला हसू आलं. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेऱ्याच्या कडेने त्याचा अर्धा चेहरा दिसत होता आणि एक मिटलेला डोळा. त्या मिटलेल्या डोळ्याची पापणी थरथरत होती. मी तिच्याकडेच पाहत राहिले.

कळ दाबली गेली. आवाज करत फोटो बाहेर आला. त्याने तो न हलवता स्वेटरच्या आत ठेवला. मी न सांगता.

आम्ही दोघं नारळाखाली उभे. मग त्याने फोटो काढून पाहिला, बराच वेळ. त्याचा चेहरा हळूहळू मिटत गेला, घरातले दिवे एकेक करून मालवावेत तसा.

"छान आलाय," तो म्हणाला आणि तो अण्णाच्या हातात दिला. मला दाखवलाही नाही.

"निगेटिव्ह कधी देतोस?" अण्णाने विचारलं.

"निगेटिव्ह नसतं याला. हा एकच."

आईने कॉफी आणली. तो म्हणाला, "आज नको." फाटकापाशी मी पोहोचेपर्यंत कडी लागलेली होती.

*

फेब्रुवारी सरत आला. शुभंकर आला नाही. धारवाडहून मात्र होकार आला. "फोटोतली प्रसन्नता बघूनच ठरवलं," असं मावशीने कळवलं. जयतीर्थ आईवडिलांसोबत आला, आणि मोठ्यांनी आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं.

तो बारीक अंगाचा, शांत माणूस होता. बसायच्या आधी त्याने माझ्यासाठी खुर्ची सावलीत सरकवली. मग खिशातून फोटो काढून माझ्यासमोर धरला. मी तो पहिल्यांदाच पाहत होते.

ती मीच होते, पण आरशात अशी मी कधी पाहिली नव्हती.

"एक विचारू? राग नको," तो म्हणाला. "घरात सगळे म्हणाले, मुलगी आपल्याकडेच बघून हसतेय. मीही आधी खूश झालो. मग रोज बघायला लागलो, तेव्हा लक्षात आलं. तुमची नजर भिंगात नाही. स्वल्प वर आहे, आणि बाजूला. तुम्ही कोणाकडे बघत होता?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्याने निरीक्षण अचूक केलं होतं. अचूक निरीक्षण मला नाकारता येत नाही.

"फोटो काढणाऱ्याकडे."

त्याने मान डोलावली. खाली रस्त्यावर चाफ्याची फुलं विकणारा ओरडत गेला.

"त्याला माहीत आहे?"

"माहीत असेल असं वाटलं होतं."

"नसेल," तो म्हणाला. "फोटो काढताना त्याने तुम्हाला भिंगातून पाहिलं. भिंगातून बघणाऱ्याला ही नजर सापडत नाही. आणि नंतर हातात फोटो घेतला तेव्हा त्याच्या डोक्यात मी असणार." तो थोडा हसला. "नकार मी कळवतो. पत्रिकेतलं काहीतरी काढतो. तुम्ही नका बोलू घरी... तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल."

त्याने फोटो माझ्या हातात ठेवला. त्याची बोटं तो सोडायला जरा वेळ लागला. माझ्यामुळे एका भल्या माणसाला दुखलं होतं, आणि तरी माझं मन जिना उतरून राजाजीनगरच्या वाटेला लागलं होतं.

*

मी दुसऱ्याच दिवशी सकाळी गेले. पत्ता एकदा त्याने कॅमेऱ्याच्या पिशवीवर लिहिलेला पाहिला होता. जिन्याखाली टॅक्सी उभी होती, टपावर बॅग बांधलेली. तो वरून उतरत होता. मला पाहून पायरीवरच थांबला.

"अनुसूयाबाई... आमंत्रण द्यायला आलात?"

"कुठे निघालात?"

"न्यू जर्सी. आज मुंबई, उद्या पुढे. कंपनी कोणीतरी मागतच होती. त्या संध्याकाळीच मी नाव दिलं." त्याने आवाज हलका ठेवायचा प्रयत्न केला. "तुम्ही इतक्या खूश दिसत होता त्या फोटोत. म्हटलं, या गावात आता आपलं काय काम?"

मी पर्समधून फोटो काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"नीट बघा. नजर कुठे आहे?"

त्याने पाहिलं. मग नकळत हात वर केला, कॅमेरा धरल्यासारखा, आणि एक डोळा मिटला. मग तो हात तसाच खाली आला, आणि तो पायरीवर बसला.

"हे... माझ्याकडे?"

"दुसरं कोण होतं तिथे? नारळाचं झाड?"

तो हसला. हसता हसता त्याने चेहरा दोन्ही हातांत धरला. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

"तेव्हा एक शब्द बोलला असतात तर—" तो म्हणाला.

"तुम्हीही."

"मी म्हटलं ना, बिघडला म्हणून सांगतो!"

"ते कॅमेऱ्याबद्दल म्हणालात."

मी त्याच्या शेजारी, एक पायरी खाली बसले.

"करार झालाय," तो म्हणाला. "आता माघार घेतली तर नोकरी जाईल. मग अप्पांसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू? आधीच मी तुमच्या मठाचा नाही. अनुसूया... वाट बघशील?"

पहिल्यांदाच त्याने 'बाई' सोडलं होतं.

"किती?"

"तेच मला माहीत नाही. ते ठेवतील तोवर."

"मग मीही हो म्हणत नाही," मी म्हणाले. "हो म्हणून ते मोडण्यापेक्षा... पत्र लिहा. आलं की वाचेन. एवढं नक्की सांगते."

त्याने मान हलवली. फोटो परत करायला पुढे केला. मी घेतला नाही.

"ठेवा. तो तुमचाच आहे. मी फक्त त्यात उभी आहे."

"आणि तुला?"

हॉर्न पुन्हा वाजला. त्याने फोटो स्वेटरच्या आत ठेवला, सपाट, आणि वर हात ठेवून टॅक्सीत बसला. गाडी वळेपर्यंत तो हात त्याने काढला नाही.

मी स्टॉपवर आले आणि समोर आलेल्या बसमध्ये चढले. खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टर तिकिटांचा गठ्ठा घेऊन आला.

"एल्लिगे?" कुठे जायचं, तो विचारत होता.

मी पैसे पुढे केले. "राजाजीनगर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पैसे घेतले नाहीत.

"हेच राजाजीनगर, अक्का," तो म्हणाला. बस अजून सुटली नव्हती.