हेडमास्तरांची हुर्यो

“एक सांगू? राग मानू नका, पण... तुमचा पाय हलतोय.”

मी दचकून खाली पाहिलं. खरंच हलत होता. उजवा. माझ्या नकळत, शिवणयंत्राच्या पायपट्टीवर असल्यासारखा.

“पाय माझा आहे,” मी म्हटलं.

“पाय तुमचा आहे हो, पण या खुर्च्या खालून दांडीने जोडलेल्या आहेत. तुम्ही पाय हलवला की आख्खी रांग हलते. त्या टोकाच्या काकू बघा.”

टोकाच्या काकूंनी कॉफीचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि त्या मोठ्या संशयाने छताकडे बघत होत्या. मला हसू आलं. शेजारच्या चष्मेवाल्यालाही आलं. त्याचं हसू चांगलं होतं, पण मी ते बघायला आले नव्हते.

मी एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना “हलू नका, श्वास रोखून धरा” असं सांगणं हा माझा धंदा. आणि मी स्वतः एका जागी दोन मिनिटं बसेन तर शपथ! त्यात त्या रविवारी तर विचारूच नका. कारण समोरच्या कुस्तीच्या रिंगमध्ये थोड्याच वेळात माझा दादा येणार होता, आणि आज त्याचा निकाल लागणार होता.

म्हणजे लढतीचा नाही. लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो, हे तिथे जमलेल्या दीडशे जणांना ठाऊक होतं. कोण जिंकणार ते ठरलेलं, कोण कुणावर उडी मारणार तेही ठरलेलं. आपटणं मात्र खरं. ते मला जरा जास्तच माहीत, कारण दादाच्या मानेचे तीन एक्स-रे मीच काढलेत.

दादा खलनायक होता. ‘हेडमास्तर’. डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा, गळ्यात शिट्टी, हातात लाकडी पट्टी. चांगल्या पैलवानाला पट्टीने फटकावायचं आणि प्रेक्षकांना दमात घ्यायचं, एवढंच त्याचं काम. पण माझा दादा पडला जगातला सर्वांत गोड माणूस. मागच्या शोमध्ये रिंगभोवती फेरी मारताना त्याचा पाय एका आजोबांच्या बुटावर पडला, तर हा पठ्ठ्या चक्क थांबून ‘सॉरी’ म्हणाला! लोक त्याच्यावर चिडेनात. आणि खलनायकावर कुणी चिडलं नाही तर तो गेलाच म्हणायचा.

शेवटी मालकांनी त्याला सांगून टाकलं होतं, “रविवारी हॉल पेटला नाही, तर सोमवारपासून येऊ नकोस.”

आई मनातून खूश होती. “जा तू,” ती मला म्हणाली, “आणि येताना त्याला घेऊन ये. कायमचा.” दादाने आम्हाला आजवर कधी येऊ दिलं नव्हतं. “तुम्ही समोर असलात की मला वाईट वागता येत नाही,” म्हणायचा. म्हणून मी न सांगता आले होते. पण आईसारखं मला वाटत नव्हतं. गेली सहा वर्षं माझा भाऊ पहाटे उठून दोरीवरच्या उड्या मारताना मी पाहिला होता. तो आमच्या दुकानात बसून कपड्यांच्या घड्या घालताना मला बघायचा नव्हता.

“पुन्हा हलतोय,” चष्मेवाला हळूच म्हणाला.

“काकूंना सांगा, कॉफी संपवा.”

एवढ्यात दिवे मंद झाले आणि शाळेची घंटा वाजली. पडद्याआडून दादा आला... मी त्याला ओळखलंच नाही क्षणभर. काळा कोट, वर चढवलेली मान. आणि माझ्या शेजारचा माणूस, जो आतापर्यंत इतक्या मऊ आवाजात बोलत होता, तो ताडकन उठला, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि—

“हुर्योऽऽऽ! पडेल मास्तर! चालता हो! हुर्योऽऽ!”

बाप रे, काय तो आवाज! पंख्याची पाती हलली असतील. आख्ख्या हॉलमध्ये तो एकटाच ओरडत होता. एकटा! माझं डोकंच फिरलं. माझ्या दादाच्या पोटावर पाय यायची वेळ, आणि हा इसम...

मी त्याची बाही धरून खाली ओढली. “जरा तोंड सांभाळा. तो माझा सख्खा भाऊ आहे.”

त्याचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. “सॉरी,” तो पुटपुटला. “मला खरंच... सॉरी.” आणि तो दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला.

मग हॉलमध्ये जी शांतता पसरली, ती मी जन्मात विसरणार नाही.

दादाने पट्टी दोरखंडावर आपटली. “खाली बसा सगळे!” लोक बसलेलेच होते. जे दोघं-तिघं उभे होते, तेही निमूटपणे बसले. समोरून ‘वादळ’ नावाचा देखणा पैलवान आला, त्याला टाळ्या पडल्या. दादाने त्याला मागून पट्टी मारली... कुणी चकार शब्द काढला नाही. एक खोकला ऐकू आला फक्त. पडद्यापाशी उभ्या असलेल्या मालकांनी घड्याळात पाहिलं. आणि दादा, लढता लढता, सारखा आमच्याच रांगेकडे बघत होता. मला बघत नव्हता. माझ्या शेजारी बघत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

घरी जेवताना दादा नेहमी एका माणसाबद्दल बोलायचा. “तिसऱ्या रांगेत एक भोंगा बसतो. तो आहे तोवर मी आहे. तो एकटा ओरडतो, पण मला बळ येतं बघ.”

“अहो,” मी घाईघाईने विचारलं, “तुम्ही भोंगा आहात का?”

“काय?”

“दादा तुम्हाला भोंगा म्हणतो. घरी. जेवताना.”

त्याचे डोळे चष्म्याआड मोठे झाले. “माझ्याबद्दल बोलतात ते? जेवताना?” जणू त्याला कुणी पदक दिलं होतं. “मी नऊ शो झाले येतोय. मला ते फार आवडतात. खलनायकाला हुर्यो म्हणजे टाळ्याच हो. जितकी मोठी, तितकं प्रेम जास्त.”

“मग ओरडा ना! बसलात काय?”

त्याने तोंड उघडलं. आतून उंदराला लाजवेल असा आवाज निघाला. “नाही जमत,” तो कासावीस होऊन म्हणाला. “तुम्ही सख्खा भाऊ म्हणालात... आता नाही ओरडता येत. घसाच बसला. मी एरवी मोठ्याने बोलतच नाही. बहिरेपणा तपासतो मी. दिवसभर काचेच्या बंद खोलीत बसून लोकांना म्हणतो, ऐकू आलं की हात वर करा.”

“मग आता काय करायचं?”

“तुम्ही ओरडा.”

“मी? दादावर?”

“नऊ शो झाले, माझ्याशिवाय त्यांना कुणी शिवी घातली नाहीये,” तो म्हणाला. एवढ्या कळवळ्याने म्हणाला की माझा पाय हलायचा थांबला.

रिंगमध्ये दादा एका गुडघ्यावर होता. घामाने त्याचा कोट पाठीला चिकटला होता. मी उठले.

“ए!” दादाने माझ्यावर पट्टी रोखली. मग त्याने मला ओळखलं. त्याचा चेहरा क्षणभर अगदी आमच्या घरातला झाला, काळजीचा. आणि त्याच्या तोंडून निघालं, “तू... खाली बस.”

“नाही बसणार!” मी ओरडले. “काय करशील? हुर्योऽऽ!”

दादा चमकला. मग हळूहळू त्याच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. ते हसू मला लहानपणापासून माहीत होतं! माझी चप्पल माळ्यावर लपवून शाळेला उशीर करणारं, गरम पाणी संपवून न्हाणीघरातून गाणी म्हणणारं. त्याच्यातला सगळा दुष्टपणा त्याने माझ्यासाठीच राखून ठेवला होता की काय कोण जाणे.

“आईला नाव सांगीन,” तो सावकाश, गोड आवाजात म्हणाला. “खाली बस, रडूबाई.”

रडूबाई! भरसभेत! मला खरोखरच इतका संताप आला, की घसा फाटेस्तोवर ओरडले. टोकाच्या काकू कप ठेवून उठल्या. “का बसेल ती? हुर्यो!” त्यांच्या मागची रांग उठली. मग पलीकडची. दादा शिट्टी फुंकत “बसा! बसा!” म्हणत इकडून तिकडे धावत होता, आणि जितका तो बसा म्हणे तितके लोक उठत होते. दीडशे माणसं उभी राहून माझ्या भावाची हुर्यो उडवत होती, आणि मी रडत होते, हसत होते. माझ्या शेजारी भोंग्याचा घसा सुटला होता. त्याने माझा हात कधी धरला ते त्यालाही कळलं नसावं. सुटला तेव्हा मात्र दोघांनाही कळलं.

दादा हरला. ठरल्याप्रमाणे. मालकांनी त्याला पुढच्या शोची शेवटची, म्हणजे मानाची लढत दिली. बाहेर फाटकापाशी तो बर्फाची पिशवी मानेला लावून मला म्हणाला, “आईला काय सांगशील?”

“घेऊन येते म्हटलं होतं. चल. फक्त कायमचा नाही म्हणून सांगते.”

भोंगा थोडा दूर उभा होता. दादाने जाऊन त्याला कडकडून मिठी मारली. मी उगीचच रस्त्याकडे बघितलं.

पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आत येताना मनगटावर उमटवलेला निळा शिक्का बुधवारपर्यंत पुसून गेला, तर मला वाईट वाटलं. मी! शिक्क्यासाठी! कामावर एका रुग्णाच्या डाव्या गुडघ्याऐवजी उजवा काढला. पुढच्या शोला अर्धा तास आधी जाऊन मी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली.

तो आलाच नाही.

हेडमास्तरांची घंटा वाजायच्या आतच लोक उभे राहिले. सगळा हॉल ओरडत होता, पण माझं लक्ष पर्सकडे. इतक्यात आदल्या लढतीतला एक नवा, जाडा खलनायक हॉलच्या पलीकडून परत जाताना दिसला. बिचाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आणि त्या कोपऱ्यातून ओळखीचा आवाज आला. “हुर्योऽऽ! चालता हो, जाड्या!”

मला त्या जाड्याचा इतका मत्सर वाटला म्हणून सांगू! मी उभी राहून बघतच राहिले. त्याने मला पाहिलं. लोखंडी कठड्यावर जोरात हात आपटला... आणि ओरडायचं सोडून हात पोटाशी धरून खाली वाकला. गर्दीतून वाट काढत मी पोहोचेपर्यंत तो निघून गेला होता.

सोमवारी सकाळी अकरा वाजता तो माझ्या एक्स-रेच्या खोलीच्या दारात उभा. उजवी करंगळी सुजलेली.

“तुमच्या घराजवळ एक्स-रे काढत नाहीत?” मी कागद घेत विचारलं. आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला.

“तीन ठिकाणी काढतात.”

“मग?”

“तुमच्या दादांनी इथला पत्ता दिला.” मी त्याचा हात टेबलावर ठेवला, बोटं एकेक करून पसरली.

“त्या कोपऱ्यात का बसलात?”

“तुमच्या दादांना आता माझी गरज नाही. आणि तो नवा... एकटाच होता हो.”

“आणि दादाच्या बहिणीला?”

माझ्या तोंडून गेलं खरं. मग माझे कान तापले. मी घाईघाईने म्हटलं, “हलू नका,” आणि काचेच्या आड पळाले.

काचेतून तो दिसत होता. टेबलावर हात, मान खाली. बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात त्याने मान वर केली.

“तुमच्या शेजारी बसलं की माझा घसा बसतो,” तो म्हणाला. “म्हणून लांब बसलो. ओरडता येईल असं वाटलं. पण तुम्ही उभ्या दिसलात... आणि मी कठड्याकडे बघितलंच नाही.” तो थांबला. “मला तुम्ही आवडता. फार. पंधरा दिवस दुसरं काही सुचलेलं नाही.” पुन्हा थांबला. जाड काचेआड मला ऐकू जातंय की नाही, याची त्याला खात्री नसावी. त्याने चष्मा सावरला आणि रोज शंभर वेळा म्हणतो ते म्हणाला, पण अगदी हळू.

“ऐकू आलं असेल तर... हात वर करा.”

माझा पाय हलत होता. मी हात वर केला. उंच. मग मूठ वळली, अंगठा खाली केला, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या रुग्णांना ऐकू जाईल अशी ओरडले—

“हुर्योऽऽऽ!”

आधी त्याचा चेहरा पडला. मग त्याला कळलं. तो असा काही हसला, की टेबलावरचा हात तर सोडाच, आख्खा माणूस हलला. आणि माझं बोट नेमकं त्याच वेळी बटणावर दाबलं गेलं.

एक्स-रे पार बिघडला. करंगळ्याच पाच दिसत होत्या. मी दुसरा काढला, आणि पहिला त्याला दिला नाही.