शंभरात अकरा वेळा

बार्शीत सोमवार हा टाचणीचा वार. सकाळी नऊला स्पर्शकेंद्राच्या दारात साठी ओलांडलेल्यांची रांग लागायची. पूर्वी पोलिओच्या थेंबासाठी लेकरं आ करायची, तसे आता आजोबा-आज्या जीभ बाहेर काढून एक थेंब घ्यायचे न् घरी जायचे. रांग म्हटली की कुरबुर आलीच. पण गेल्या वर्षभरात तिला भलताच रंग चढला होता. कुणी चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या मानपानावरून व्याह्याला शिव्या घालत होतं, कुणी मेलेल्या भावाच्या नावानं कडाकडा बोटं मोडत होतं. लोक म्हणायचे, म्हातारपणी तोंडं सुटली, दुसरं काय! रंगनाथमास्तर वायचळ मात्र बायकोचा हात धरून, खाली मान घालून उभे राहायचे. त्यांच्या घरात याहून वाईट चाललं होतं.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिंपी. वय एकाहत्तर, दुकान अजून चालू. कलावतीबाई त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. तिला दोन वर्षांपूर्वी विरण लागलं. धुऊन धुऊन कापड विरावं तशी माणसाची आठवण विरत जाते, म्हणून रोगाचं नावच विरण पडलं होतं. आधी आमटीत दोनदा मीठ पडू लागलं. मग नवऱ्याचं नाव गेलं. मास्तरांनी तेही हसण्यावारी नेलं, म्हणाले, उखाण्याचा त्रास वाचला! पण एका सकाळी ती भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बघून म्हणाली, "हा पोरगा कुणाचा हो?" तो सुहास होता, त्यांचा एकुलता एक. मास्तर तसेच चप्पल न घालता स्पर्शकेंद्रात गेले.

तिथं डॉक्टर नीलोफर मुजावर होती. तिचे शाळेचे गणवेश मास्तरांनीच शिवलेले, त्यामुळं ती त्यांना काका म्हणायची आणि ते तिला पोरी.

"काका, आपल्या अंगातलं प्रत्येक प्रथिन म्हणजे एक मण्यांची माळ," तिनं समजावलं होतं. "मणी वीस जातींचे, पुस्तकात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. ही माळ सरळ राहत नाही, आपोआप गुंडाळते. मग तिसरा मणी आणि नव्वदावा मणी दोऱ्यावर इतके लांब, पण गुंडाळल्यावर एकमेकांना टेकून बसतात. कोण कुणाला टेकतो, त्यावर त्या प्रथिनाचं काम ठरतं."

"म्हणजे कापड तेच. घडी कशी पडते त्यावर झंपर व्हायचा की पायजमा."

"अगदी तसंच. कुठला मणी कुठल्या मण्याला टेकतो ते आम्ही चौकटींच्या कागदावर ठिपके देऊन मांडतो. हा स्पर्शनकाशा. काकूंच्या आठवण धरून ठेवणाऱ्या प्रथिनात काही ठिपके नाहीसे झालेत. घडी सुटत चाललीय. तिथं थेंबातून एक बारीकसा रेणू अडकवायचा, की घडी धरली. लोक त्याला टाचणी म्हणतात."

सात आठवडे थेंब घेतल्यावर एके दिवशी कलावतीबाई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, चहा उकळून काळा झाला, गाळायचा कुणी?" मास्तर कात्री टाकून आत धावले आणि तिच्यासमोर ढसाढसा रडले. पुढचे पंधरा दिवस घरात नुसता सण होता.

सोळाव्या दिवशी तिनं चहाची कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, "त्याला का पाठवलंत?"

अठरा वर्षांपूर्वी सुहास बावीसचा होता. अंगात ताप होता. "बाबा, उद्या जातो," म्हणाला होता. मास्तर म्हणाले, लग्नघरच्यांना उद्या चालत नाही, आणि नवरीचे झंपर देऊन त्याला मोटरसायकलवर कुर्डुवाडीला पिटाळलं. तो परत आला तो ट्रकखाली सापडलेला. त्यानंतर कलावतीबाई तीन वर्षं नवऱ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवाळीला, नरकचतुर्दशीच्या पहाटे, मास्तर एकटेच पाटावर बसून अंगाला तेल चोळत होते. ती मागून आली आणि एक शब्द न बोलता त्यांच्या पाठीला उटणं लावू लागली. मास्तर समजले. त्यावर दोघांनी पुढचं आयुष्य काढलं.

आता ते सगळं पुसलं होतं. रोज सकाळी तीच विचारणा, तोच ऊर बडवणं, जणू प्रेत आत्ताच दारात आलंय. मास्तर एकदा न राहवून म्हणाले, "अगं, तू मला उटणं लावलं होतंस. आठवतं का?"

"आठवतंय की," ती म्हणाली. "वाटी पितळेची होती. पण का लावलं, ते काही केल्या कळत नाही."

त्याच सुमारास मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. गिऱ्हाईक हसलं, मास्तरही हसले. पण गुपचूप जाऊन त्यांनी स्वतःच्या रक्ताचा थेंब तपासायला दिला.

पुढच्या सोमवारी रांग संपल्यावर नीलोफरनं त्यांना आत बोलावलं आणि दार लोटलं.

"काकूंचं मी बघतेय, काका. एकट्या काकूंचं नाही, सगळ्या रांगेचं. चूक माझी आहे."

"तुझी कशी?"

"प्रथिन दगडासारखं स्थिर नसतं, सारखं थरथरतं. आम्ही संगणकावर त्याच्या हजारो अवस्था काढतो आणि कोण कुणाला किती वेळा टेकलं ते मोजतो. शंभरात तीसपेक्षा कमी वेळा टेकले ते मणी आम्ही गाळतो. गोंगाट म्हणून सोडून देतो. माझ्या सरांनी गाळले, मी गाळले, जगात सगळेच गाळतात. एक्केचाळिसावा आणि एकशेसतरावा मणी शंभरात अकरा वेळाच टेकत होते. गाळले. नकाशात ती जागा रिकामी दिसली. तिथं कुणाला धक्का लागणार नाही म्हणून टाचणी नेमकी तिथंच बसवली."

"मग?"

"आपण काही आठवलं की ते दोन मणी क्षणभर टेकतात. घडी जरा सैल होते, आणि आठवण परत बांधली जाते. दर वेळी इवलीशी बदलून. दुःखाची धार अशीच बोथट होते, काका. राग असाच निवतो. ती जागाच मी अडवली, म्हणून आठवण पहिल्या घडीवर परत गेली, जशी घडली तशी."

मास्तर तिच्या मेजाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "पोरी, आमच्यात कच्चा टाका असतो," ते म्हणाले. "उसवायलाच घालतात तो. तयार झंपरात शोधलास तर दिसायचा नाही. पण तो घातल्याबिगर बाही बसत नाही. तू तयार झंपर बघितलास आणि म्हणालीस, हा टाका नव्हताच."

नीलोफरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"उसवता येईल?" मास्तरांनी विचारलं.

"थेंब बंद केला की दोन महिन्यांत टाचणी गळते. पण विरण परत येतं, आणि दुसऱ्यांदा टाचणी धरत नाही. नव्या थेंबाला सहा-सात वर्षं लागतील. मी वर कळवलंय. वरचे म्हणतात, माणसांना आठवतंय ना, मग तक्रार कसली?" तिनं एक कागद पुढं सरकवला. "आणि काका, तुमचाही नकाशा आलाय. ठिपके जायला लागलेत. थेंब सुरू करायचा की नाही, ते मी सांगणार नाही. सांगायचं तोंड नाही मला."

मास्तरांना पहिल्यांदा काय वाटलं असेल? हलकं वाटलं. कुर्डुवाडी, झंपर, "उद्या जातो" हे सगळं आपोआप जाईल! अन् मग त्या हलकेपणाची त्यांना इतकी शरम वाटली की ते घराकडं न जाता दुकानात जाऊन बसले.

दुपारी त्यांनी कलावतीबाईला सगळं सांगितलं. "थेंब बंद करू," ते म्हणाले. "मीही घेत नाही. दोघं मिळून विसरू. तुझं दुखणं थांबेल."

ती फोटोकडं बघत होती. "आणि त्याला कोण आठवेल? त्याला आपल्याशिवाय आहे कोण?"

"मग रोज असंच जळत राहणार तू?"

"जळेन. मी थेंब घेणार. तुमचं तुम्ही बघा." थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "पण मी विचारणार हो. रोज विचारणार. मला राहवतच नाही."

"विचार," मास्तर म्हणाले.

सोमवारी तिनं थेंब घेतला. नीलोफर मास्तरांकडं न बघता बाटलीला झाकण लावू लागली. मास्तर मनात हिशेब करत होते तो एवढाच: आपण विसरलो, तरी ही विचारायची थांबणार नाही. उद्या-परवा ही म्हणेल, त्याला का पाठवलंत? आणि आपण म्हणू, कुणाला? मग हिनं आपल्यालाच रोज नव्यानं सांगायचं, की आपला एक मुलगा होता.

ते खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं.

"काका, पहिल्या दिवशी दुखलं तेवढंच रोज दुखत राहील. कमी व्हायचं नाही."

"ठाऊक आहे. तिच्या प्रश्नाला घरात माणूस नको का?"

नीलोफरनं त्यांच्या जिभेवर थेंब सोडला.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे मास्तर उघड्या अंगानं पाटावर बसले होते. कलावतीबाई उटण्याची पितळी वाटी घेऊन मागं आली. मास्तरांनी मागं वळून पाहिलं नाही. मग वाटी पाटाशेजारी ठेवल्याचा आवाज झाला.

"तुमचं तुम्ही लावून घ्या," ती म्हणाली. "त्याला का पाठवलंत?"

इतके महिने रोज दिलेलं उत्तर, पण आता मास्तरांचीही टाचणी पक्की बसली होती. दुखलं ते पहिल्या दिवसासारखंच.

"चुकलं माझं," ते म्हणाले, आणि वाटीत बोटं बुडवली. पाठीवर हात पोचत नव्हता.