बाण नसलेलं चित्र

आतलं दार आधी उघडलं तर समुद्र थेट घरात शिरेल, एवढंही या यंत्रमानवाला कळत नव्हतं?

"थांब!" नीरजा जिवाच्या आकांताने ओरडली. यंत्रमानव थांबला. तोंडी हुकमांपैकी तो एवढाच मानायचा. बाकी सगळं पाटीवरच्या चित्रातून, आणि दारं व पंप फक्त तोच चालवायचा.

समुद्रतळावरच्या त्या घरात ती आणि तिचे शास्त्रज्ञ आजोबा राहत. बाहेरून घरात यायचं तर मधल्या खोलीतून यावं लागे. आत्ता आजोबा त्या पाण्याने भरलेल्या खोलीत, पाणबुड्याच्या पोशाखात अडकले होते.

"टाकीतली हवा संपत आलीय गं," ध्वनिक्षेपकातून त्यांचा दमलेला आवाज आला. "काय म्हणतोय तो?"

"आधी उ करणार म्हणतोय!"

तीन कामं, तीन अक्षरं: 'ब' म्हणजे बाहेरचं दार बंद करणे, 'प' म्हणजे पाणी उपसणे, 'उ' म्हणजे आतलं दार उघडणे. पाटीवर आजोबांनी सकाळीच नवं चित्र काढलं होतं. तीन वर्तुळं, प्रत्येकात एक टिंब (ते काम एकदा करायचं), उरलेली सगळी जागा रंगवलेली (याहून जास्त काही नाही).

"चित्राप्रमाणेच करतो आहे," यंत्रमानव शांतपणे म्हणाला. "या चित्रात सहा शब्द बसतात. बपउ, बउप, पबउ, पउब, उबप, उपब. मी उपब निवडला."

"शब्द म्हणजे अक्षरांची ओळ; जशी ओळ, तशी कामं," आजोबा धापा टाकत म्हणाले. "आणि चालतील त्या सगळ्या शब्दांचा संच म्हणजे त्या चित्राची भाषा. आपल्याला त्या भाषेत एकच शब्द हवाय, बपउ."

'ब' आधी व्हावं म्हणून नीरजा पाटीकडे वळली. तिने 'ब'च्या वर्तुळात आणखी एक टिंब काढलं.

"आता बारा शब्द," यंत्रमानव म्हणाला. "प्रत्येकात ब दोनदा."

तिला रडूच फुटलं. घाईघाईने तिने ते टिंब पुसलं. आत आजोबांचा श्वास घरघरत होता.

टिंब सांगतं किती वेळा. मग आधी कोण, नंतर कोण, हे कोण सांगणार? कोणीच नाही! म्हणून तर अक्षरं कशीही उलटीपालटी केली तरी चित्राला चालत होती. तिने 'ब'च्या टिंबापासून 'प'च्या टिंबापर्यंत एक बाण ओढला.

"ब आधी, प नंतर. तीन शब्द उरले," यंत्रमानव म्हणाला. "बपउ, बउप, उबप."

दुसरा बाण, 'प'पासून 'उ'पर्यंत.

"एक शब्द. बपउ."

बाहेरचं दार धाडकन बंद झालं. पंप घरघरू लागला. पाणी फार हळू उतरत होतं. नीरजा आजोबांना हाका मारत राहिली. उत्तर येईना.

अखेर आतलं दार उघडलं. आजोबा भिंतीला टेकून बसले होते. तिने त्यांचं शिरस्त्राण ओढून काढलं. त्यांनी मोठ्याने श्वास घेतला, मग आणखी एक.

"बाण कसे विसरलात?" ती हुंदके देत म्हणाली.

"क्रम मला इतका पाठ होता, की चित्रात तो नाही हे दिसलंच नाही." त्यांनी तिला जवळ घेतलं. "उद्या सगळ्या दारांची चित्रं तपासू."

"मी तपासणार," नीरजा म्हणाली. "आणि माझी तुम्ही तपासायची."